सोनबा झांबरेंचा टाक

१

मेलेल्या माणसानं यादीतून आपलं नाव तेवढं काढून घ्यावं, याहून जास्त इम्तियाज तांबोळीची कुणाकडूनच काही अपेक्षा नव्हती. पण पुण्यात जिवंत माणसं कागद वेळेवर देत नाहीत, तिथे मेलेल्यांची काय कथा.

खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर त्याची नोकरी होती. काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. छातीत पेसमेकर बसवलेल्या साडेचारशे लोकांच्या उशाशी कंपनीनं एकेक पांढरा डबा दिला होता. पहाटे माणूस झोपेत असताना हा डबा छातीतल्या यंत्राची विचारपूस करायचा आणि सगळा हालहवाल खराडीला धाडून द्यायचा. सकाळी नऊला इम्तियाज चहा घेऊन बसला की पडद्यावर साडेचारशे ओळी तयार असायच्या. हिरवी ओळ म्हणजे सगळं ठीक, पिवळी म्हणजे घरी फोन करा, लाल म्हणजे डॉक्टरांना गाठा.

त्या मंगळवारी सोनबा झांबरे यांची ओळ हिरवी होती. अडचण एवढीच, की सोनबा झांबरे एकोणीस दिवसांपूर्वी वारले होते. वय एक्क्याऐंशी, मुक्काम खराडी गावठाण, आणि रुग्णालयाची तशी चिठ्ठी फायलीला जोडलेलीही होती.

इम्तियाजचे वरिष्ठ दीनानाथ सर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसला आणि परत वाचली. "मयताची प्रकृती उत्तम आहे, असं आपण शुक्रवारी तपासनिसांना लेखी देणार आहोत का?" त्यांनी विचारलं. हे ते अगदी शांतपणे विचारत, म्हणून जास्त लागायचं.

शुक्रवारी वर्षाची तपासणी होती. गेल्या वर्षी यादीत असाच एक मयत सापडला आणि ती यादी सांभाळणाऱ्या मुलीचं कंत्राट कंपनीनं वाढवलं नाही. इम्तियाजचं कंत्राट नेमकं याच शुक्रवारी संपत होतं. फाईल बंद करायची रीत ठरलेली होती. घरी जायचं, यंत्र स्वतःच्या हातानं बंद करायचं, नातेवाइकाची सही घ्यायची आणि डबा परत आणायचा. अर्ध्या तासाचं काम होतं.

२

सोनबांचा मुलगा सर्जेराव पाचव्या फोनला सापडला. निम्मी खराडी आपल्याच शेतावर उभी आहे हे तो कुणालाही पहिल्या दोन वाक्यांत सांगत असे. इम्तियाजलाही त्यानं सांगितलं, की तुमच्या ऑफिसचं पार्किंग म्हणजे आमचं कांद्याचं वावर. मग म्हणाला, वडिलांना दहन दिलं, यंत्र कसलं विचारता?

यंत्र आधीच काढलेलं होतं. पेसमेकर चितेत फुटतो, म्हणून रुग्णालयात छातीवर छोटा छेद देऊन तो काढून घेतात. तो प्लास्टिकच्या बरणीत घालून घरच्यांना दिला होता, आणि सर्जेरावची आई, सोजरबाई, ती बरणी घरी घेऊन आली होती. डब्याची पिन आपण तीनदा काढली, पण आई परत लावते, असं सर्जेराव वैतागून म्हणाला. वैताग त्या घरातही होता हे ऐकून इम्तियाजला जरा बरं वाटलं.

म्हणजे कोडं सुटलं. डब्याला दोन-तीन मीटरच्या पलीकडचं काही कळत नाही. यंत्र घरात, डबा घरात, दोघं जवळजवळ पडलेले. यंत्र बिचारं बरणीत पडल्या पडल्या आपला पत्ता सांगत असणार. इम्तियाजनं समाधानानं डबा खाल्ला, म्हणजे जेवणाचा, आणि मग शेरा लिहायला सोनबांचा त्या दिवशीचा अहवाल उघडला.

तारेचा रोध पाचशे चाळीस होता.

पेसमेकरमधून एक तार निघते आणि तिचं टोक हृदयाच्या स्नायूत रुतवलेलं असतं. ओल्या, जित्या मांसात टोक असेल तर रोध पाचशेच्या आसपास येतो. तार हवेत लोंबत असेल तर आकडा हजारोंच्या पुढे जातो. आणि इथं तर तार नव्हतीच. ती सोनबांबरोबर जळाली होती.

त्याखाली दुसरी ओळ होती. यंत्र दर वेळी विजेचा बारीक धक्का देतं आणि हृदय आकुंचन पावलं का ते पाहतं. धक्के शंभर टक्के, प्रतिसाद शंभर टक्के. मिनिटाला सत्तर.

३

बिघाड असणार. इम्तियाजच्या आठ वर्षांच्या नोकरीत प्रत्येक चमत्कार शेवटी सैल पिनेचाच निघाला होता.

आधी त्याला वाटलं, की जुनाच अहवाल पुनःपुन्हा येतोय. पण तारीख आजची होती आणि आकडे रोज थोडे वेगळे होते. मग यंत्राचे क्रमांक अदलाबदल झाले असतील म्हणून त्यानं ते ताडून पाहिले, तर ते बरोबर निघाले. त्यानं रुग्णालयाच्या वॉर्डात फोन लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, तार यंत्राच्या तोंडाशीच कापली, बरणी आजीबाईंच्या हातात दिली, अंगठा घेतलाय, आणखी काय पाहिजे? शेवटी त्यानं बंगळुरूच्या मदत केंद्राला विचारलं. त्यांनी डबा बंद करून चालू करायला सांगितलं. ते प्रत्येक गोष्टीला हेच सांगत.

संध्याकाळी निघता निघता त्याला हालचालीचा तक्ता दिसला, आणि तो न दिसता तर बरं झालं असतं. यंत्राला अंगाची हालचाल कळते. सोनबा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यामुळे दिवसाची हालचाल जेमतेम दहा मिनिटं. मृत्यूनंतर बारा दिवस शून्य. तेराव्या दिवसापासून रोज बारा तास. पहाटे पाचला सुरू, दुपारी दीड ते तीन विश्रांती, मग पुन्हा दिवेलागणीपर्यंत.

हा काही बरणीचा दिनक्रम नव्हता. हा घरकाम करणाऱ्या माणसाचा दिनक्रम होता.

बिबवेवाडीला घरी पोचेपर्यंत त्यानं या गोष्टीची सात कारणं शोधली. बायकोला, नसीमबानूला, सातही ऐकवली. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, सात कारणं आहेत म्हणजे एकही धड नाही. कंपनीनं खरं तर नसीमबानूलाच कामावर ठेवायला हवं होतं.

४

झांबऱ्यांचं घर सहाव्या मजल्याच्या खिडकीतून दिसायचं. चालत गेलं तर सात मिनिटं, पण यंत्र तपासायचं अवजड सामान बरोबर असलं की गाडी काढावी लागते, आणि गाडी काढली की वळायची जागा दीड किलोमीटरवर. बुधवारी तो पंचेचाळीस मिनिटांनी पोचला तेव्हा त्याच्या तोंडून शिव्या यायच्याच बाकी होत्या.

तीन मजली घर, वर भाडेकरू, खाली संगमरवर. दार उघडलं सर्जेरावच्या बायकोनं, मैनानं. ती चाळिशीची, हातात खारकांचं सूप, आणि बोलायला कुणी मिळालं नव्हतं असं स्पष्ट दिसत होतं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, ती वर झोपलेली. डिंकाचे लाडू करायचे. आणि सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलेलं.

"आत्याबाईंचं काय सांगू दादा," ती म्हणाली. "मामंजी गेल्यावर यांनी अंथरूण धरलं. अन्न नाही, पाणी नाही. बाराव्या रात्री तर हातपाय गार. डॉक्टरांना बोलवलं, त्यांनी नाडी बघितली, आणि मला म्हणाले, लेकीला घेऊन तुम्ही जरा बाहेर थांबा. तेराव्याला सकाळी आमच्या ह्यांनी मामंजींचा टाक देव्हाऱ्यात बसवला, आणि बाई उठून उभ्या. तेव्हापासून रोज पाचला सगळं घर उठवतात."

नाडीचं पुढे काय झालं, हे इम्तियाजनं विचारलं. मैना म्हणाली, डॉक्टरच घाबरट निघाले, पैसे न घेता गेले.

टाक म्हणजे काय हे इम्तियाजला ठाऊक होतं. पुण्याजवळच्या शेतकरी घरांत देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्याचे, ठसा उठवलेले देव असतात, रुपयापेक्षा थोडे मोठे. घरातला कर्ता गेला की काही घरांत त्याच्याही नावाचा टाक सोनाराकडून घडवून देवांत बसवतात आणि रोज पुजतात. सोजरबाईंनी सोनाराकडे जायचं नाकारलं होतं. ज्यानं माझ्या माणसाला अकरा वर्षं जगवलं तोच त्यांचा टाक, असं म्हणून त्यांनी बरणीतला पेसमेकर तेराव्याला दुधानं धुऊन देवांच्या ओळीत ठेवायचं मुलाला आधीच बजावलं होतं.

देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीत पांढऱ्या डब्याची पिन खोचलेली होती. डब्यालाही हळदकुंकू लागलेलं होतं.

५

देवघर जिन्याखाली होतं, माणूस बसला की भरून जाईल एवढं. समई, चार जुने टाक, आणि त्यांच्या शेजारी तो. काडेपेटीपेक्षा लहान, करडा, गुळगुळीत. जिथं तार कापली होती त्या भोकात कुंकू भरलेलं.

सोजरबाई आल्या तेव्हा इम्तियाजनं उगाचच त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते. म्हातारी ठेंगणी, काटक, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला. त्यांनी नाव विचारलं. तांबोळी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मंडईच्या बाहेर पानं विकायचे ते कादरभाई तुझे कोन?"

आजोबा, असं त्यानं सांगितलं. सोनबा कांदे घेऊन मंडईत जायचे तेव्हा परतताना कादरभाईंकडूनच पानं आणायचे, हे म्हातारीला पक्कं आठवत होतं. मग तिनं त्याला हातपाय धुऊन यायला सांगितलं, आणि म्हणाली, यंत्र लावायचं तर लाव, पर देव हलवू नगं. एवढं बोलून ती शेजारच्या स्वयंपाकघरात गेली आणि खारका कुटायला बसली.

लोखंडी खलबत्ता असावा. आवाज सरळ डोक्यात जात होता.

इम्तियाजनं मांडी घातली, लॅपटॉपसारखं ते तपासणीचं यंत्र उघडलं आणि त्याच्या वायरीला असलेली गोल चकती टाकाजवळ धरली. पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली. मिनिटाला सत्तर ठोके. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा उंचवटा, स्वच्छ, पाठ्यपुस्तकात छापावा असा. त्यानं स्वतःच्या खिशातला मोबाइल लांब ठेवला, समई विझवली, घरातला वायफाय बंद करायला लावला. उंचवटा तसाच.

आणि खलबत्ताही सत्तरनं चालला होता. म्हणजे कुटायला सत्तर हा चांगला वेग आहे, कुणीही त्याच वेगानं कुटेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण पडद्यावरची रेघ आणि कानातला ठणका एकाच क्षणी पडत होते, आणि त्यात चूक होत नव्हती. सलग दीड मिनिट त्यानं चुकायची वाट पाहिली.

६

यंत्र बंद करण्याआधी एक पायरी घ्यावीच लागते. प्रत्येक माणसाच्या हृदयात वरच्या बाजूला एक बारीकशी गाठ असते. तीच ठोक्याचा ताल धरते. ती संपावर गेली की पेसमेकर बसवतात. म्हणून यंत्र थांबवण्यापूर्वी त्याची गती हळूहळू कमी करून पाहायचं, की खाली माणसाचं स्वतःचं काही शिल्लक आहे का. फॉर्ममध्ये तसा रकाना आहे. यंत्र देव्हाऱ्यात असलं तरी रकाना भरावा लागतो, नाहीतर दीनानाथ सर फॉर्म परत पाठवतात.

गती उतरवायचं बटण दाबून धरावं लागतं. बोट उचललं की यंत्र आपोआप मूळ गतीवर येतं. तपासणाऱ्याच्या हातून माणूस जाऊ नये म्हणून केलेली सोय.

त्यानं साठवर आणलं. खलबत्ता मंदावला. म्हातारी दमली असेल. पन्नास. आता दोन ठणक्यांच्या मध्ये पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. चाळीस. त्याच्या मानेवर घाम आला आणि त्याला स्वतःचाच राग आला. शिकलेला माणूस, इंजिनिअर, जिन्याखाली बसून खारका मोजतोय. त्यानं दात आवळले आणि शेवटचं बटण दाबलं, पूर्ण थांबा.

रेघ आडवी झाली. खाली काही शिल्लक नव्हतं.

स्वयंपाकघर गप्प झालं. एक सेकंद. दोन. चार.

"आत्याबाई?" मैनाचा आवाज आला. "अहो आत्याबाई, ऐकताय ना?"

त्यानं बोट उचललं. ठण्. ठण्. ठण्.

"बहिऱ्या झालात का?" मैना चिडून म्हणाली. "दोनदा हाक मारली."

एकदा झालं तर योगायोग. पडताळा दोनदा घ्यावा, हे त्याला कॉलेजात शिकवलेलं होतं, आणि त्या क्षणी त्याला दुसरं काहीच आठवलं नाही. त्यानं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तसंच झालं. या वेळी तो सहा सेकंद थांबला, आणि तो सहावा सेकंद त्यानं का घेतला याची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली.

७

सोजरबाई हात पुसत आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या. बाहेर ओसरीवर सर्जेराव येऊन फोनवर कुणाला तरी भाडेवाढ समजावत होता. मधेच त्यानं आत डोकावून फॉर्मवर सही ठोकली, लवकर उरका म्हणाला, आणि परत फोनला लागला.

"दोन बारीला केलंस," म्हातारी हळू आवाजात म्हणाली.

इम्तियाजनं चकती खाली ठेवली.

"किती हाय त्याच्यात अजून?"

बॅटरीचा आकडा पडद्यावर होताच. अकरा वर्षं चाललेलं यंत्र, संपतच आलेलं. महिनाभर, असं त्यानं सांगितलं. मग हे आपण कुणाला आणि कशाबद्दल सांगतोय हे त्याच्या लक्षात आलं.

सोजरबाईंनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. नातीचे दिवस भरायला सव्वा महिना होता, आणि पहिलटकरणीचं मागंपुढं होतं. त्यांना आणखी काही नको होतं. मैनाला तान्हं बाळ पायावर घेऊन न्हाऊ घालता येत नाही, नातीला तर नाहीच नाही. झांबऱ्यांच्या घरातलं प्रत्येक लेकरू पाचवीला सोजरबाईंच्या पायावर न्हालेलं होतं. एवढं एक झालं की पुढचं पुढे.

"हळू केलं तर पुरंल?"

"पुरेल," तो म्हणाला. "पण आजी, तुम्हालाही हळू व्हावं लागेल."

"मला कुटं जायचंय?"

त्यानं गती पंचेचाळीसवर आणली, विजेचा जोर कमी केला आणि ते कायम केलं. सोजरबाईंनी एक श्वास घेतला. पुढचा बऱ्याच वेळानं घेतला. झालं का बंद, असं सर्जेरावनं बाहेरून विचारलं. झालं, असं इम्तियाज म्हणाला, पांढरा डबा काखोटीला मारला आणि गाडीपर्यंत मागे न पाहता गेला. माणसाचं स्वतःचं काय शिल्लक आहे, या फॉर्मवरच्या रकान्यात त्यानं काहीच नाही असं लिहिलं. तेवढं तरी खरं होतं.

८

शुक्रवारी तपासणी झाली. यादीत एकही मयत निघाला नाही. दीनानाथ सरांनी कंत्राटाचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, दोन वर्षं मिळाली आहेत, जिवंत राहा.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी इम्तियाज झांबऱ्यांकडे जायला लागला. तिथल्या घरच्यांना त्यानं यंत्राची नंतरची देखभाल असं काहीतरी सांगितलं. नसीमबानूला काही सांगितलं नाही. सोजरबाई उंबऱ्यावर बसायच्या आणि तो गती उतरवायचा. चाळीस. मग सदतीस. मग चौतीस.

चौतीस ठोक्यांवर माणूस चक्कर येऊन पडतो, ओठ निळे पडतात. सोजरबाई पडत नव्हत्या. त्या फक्त हळू होत गेल्या. एक भाकरी थापायला पाऊण तास. एक शब्द बोलला की दुसरा यायला इतका वेळ, की ऐकणारा मधेच उठून जायचा. मैना कावून त्याला फोन करायची. म्हातारपण समजू शकते दादा, पण जिन्याच्या तीन पायऱ्यांना अर्धा तास म्हणजे काय, मुद्दाम करतात का?

एका गुरुवारी त्यानं ऑफिसच्या कपाटातून नवं, न वापरलेलं यंत्र नेलं. देव्हाऱ्यात टाकाच्या शेजारी ठेवून पाहिलं. चकतीनं लगेच सांगितलं, तार जोडलेली नाही. सोजरबाईंनी मान हलवली. ती हलायला लागली तेव्हा तो यंत्र काढत होता, आणि थांबली तेव्हा त्यानं पिशवी बंद केलेली होती.

हे आपण कशासाठी करतोय, हा प्रश्न तो गाडी चालवताना रोज स्वतःला विचारायचा. नोकरी तर पक्की झाली होती. त्याला एकच उत्तर सापडायचं, की बटण दाबून धरलेलं ते बोट त्याचं होतं, आणि म्हातारीनं त्याला एका शब्दानं दोष दिला नव्हता.

९

मुलगी झाली, चार दिवस उशिरानं. पाचवीच्या दिवशी सकाळी ऑफिसात मैनाचा फोन आला. आत्याबाईंनी तांबोळ्याला बोलवा म्हणून सांगितलंय, आणि ते एक वाक्य सांगायला त्यांना न्याहारी संपेपर्यंतचा वेळ लागलाय.

तो सामान घेऊन धावतच गेला, गाडी न काढता. घरात ओव्याच्या धुरीचा वास, मोरीत घंगाळातून वाफ. सोजरबाईंना मायलेकींनी धरून पाटावर बसवलेलं होतं, पाय पुढे पसरून. बाळ पायावर दिलेलं होतं आणि ते बेंबीच्या देठापासून रडत होतं.

इम्तियाज आधी देवघरात शिरला. चकती टाकाजवळ धरली. पडद्यावर काहीच आलं नाही. त्यानं चकती फिरवली, उलटी केली, पुसली. यंत्र सापडत नाही, असं पडद्यावर लिहून आलं. बॅटरी संपली होती.

मोरीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

त्याला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. म्हणजे सगळं खोटं होतं. एक म्हातारी, एक खलबत्ता आणि एक मूर्ख इंजिनिअर. दीड महिना त्यानं दर गुरुवार वाया घालवला होता. त्यानं सामान आवरायला घेतलं.

पाण्याचा आवाज थांबला.

तो मोरीच्या दारात गेला. सोजरबाईंच्या उजव्या हातात तांब्या होता, खांद्याच्या वर उचललेला. हात कापत नव्हता. तांब्यातून वाफ निघत होती आणि ती सरळ वर जात होती. डोळे उघडे होते, पाण्याच्या शिंतोड्यानंही पापणी लवत नव्हती. डावा तळवा बाळाच्या उघड्या छातीवर सपाट ठेवलेला होता.

"आत्याबाई," मैना पंचा घेऊन उभी होती, ती म्हणाली, "आता तरी उरका हो. पोरगी गारठेल."

इम्तियाजनं आत पाऊल टाकलं. बाळाला उचलावं एवढंच त्याच्या मनात होतं. पण परका पुरुष बाळंतिणीच्या मोरीत शिरतोय म्हटल्यावर मैनानं हात आडवा केला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की तो थबकला.

तेवढ्यात म्हाताऱ्या डाव्या हाताच्या शिरा हलल्या. तळव्याखालून काहीतरी वर सरकत गेलं, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि सोजरबाईंच्या गळ्याशी एक बारीक थडथड सुरू झाली. ती चौतीसची नव्हती. सत्तरचीही नव्हती. तान्ह्या बाळाचं हृदय मिनिटाला एकशे चाळीस पडतं.

तांब्या कलला. पाणी पडलं. दुसरा तांब्या भरला गेला, तिसरा, आणि म्हातारीचे हात चालायला लागले, भराभर, डोळ्यांनी मागे पडावं इतके भराभर, चोळत, वळवत, पाणी घालत.

बाळ रडायचं थांबलं होतं.

"बघा, आता कसं!" मैना मोकळेपणानं हसली. कितीतरी आठवड्यांनी तिचा वैताग उतरला होता. "आणि पोरगी तरी किती गुणी. तुमचा हात लागला की अगदी गप्प."